डांबरगोळ्यांचा वास

अकोटच्या घरातल्या डांबरगोळ्या यास्मीननं स्वतः वेचल्या. पेटीतल्या, रजयांच्या घड्यांतल्या, मोरीच्या जाळीवरच्यासुद्धा. अजहरनं, तिच्या नवऱ्यानं, ती पुडी गावाबाहेर नेऊन पुरली. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलंच होतं: ह्या वासानं त्यांच्या मोईजच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाच महिन्यांचं लेकरू हळदीसारखं पिवळं पडलं होतं. रक्त चढवलं तेव्हा कुठं वाचलं. दुसऱ्यांदा वाचेलच असं नाही.

यास्मीन अमरावतीला बीएस्सी झालेली. जनुकातलं एखादं अक्षर गळलं तर पुढचं सगळं सरकतं न् भलतंच प्रथिन बनतं. मध्येच थांबायची खूण आली तर ते अर्धवट राहतं. कधी अक्षर बदलूनही काहीच बिघडत नाही, हे तिला पाठ होतं. मोईजचं एकच अक्षर बदललं होतं. प्रथिन बनत होतं पुरतं, पण लेचंपेचं; पेशीला राखायच्या आधीच मोडून पडणारं.

आठव्या दिवशी त्याच्या झबल्याला तोच वास आला.

संशय सासूवर गेला. बिस्मिल्लाबींना जुन्या कपड्यांचा भारी सोस. यास्मीननं पेटी उपसली, झबली उकळली, कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. त्या साली कापूसच येईना, अजहर कामाला होता ते जिनिंग एका पाळीवर आलेलं. तो अर्धा दिवस घरीच. मग त्याचेही खिसे तपासले.

"एवढी शिकली न् कुत्र्यावानी घर हुंगून राहिली," बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

वास येतच होता. मोईजचे डोळे पुन्हा पिवळसर दिसू लागले.

शेवटी बिस्मिल्लाबींनीच विषय काढला. "बेटा, माह्यापाशी असला की वास जाते. तूच पाहून घे."

यास्मीननं पाहिलं. दिवसभर तो आजीजवळ राहिला, वाटीचमच्यानं दूध प्याला. वास नाही. संध्याकाळी तिनं छातीशी घेतला, आणि वास दरवळला.

तिनं हात धुतले. अंघोळ केली. पुन्हा केली.

डॉक्टर सहज बोलून गेले होते: हा दोष आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही.

तिसऱ्या दुपारी मोईज आतल्या खोलीत दुधासाठी रडत होता. बिस्मिल्लाबींनी आतून कडी लावली होती. यास्मीननंच लावायला सांगितली होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली. गुळाच्या डब्याकडं निघालेली मुंग्यांची रांग सरळ तिच्याच दिशेनं येत होती.

हातभर अंतरावर रांग थांबली.

मग तिच्याभोवती मोठा वळसा घालून पुढं गेली.