बाबा, डोकं!

अमावास्येच्या रात्री मी शहराबाहेरच्या टेकडीवर आभाळ मोजायला जाते. मुठीत मावणारं यंत्र असतं. त्याचं तोंड वर धरून बटण दाबायचं, आकडा येतो. आकडा जितका मोठा, तितका अंधार गडद. शहराच्या दिव्यांनी आमचा आकडा सारखा घसरतोय. त्यात आता टेकडीच्या पायथ्याच्या मैदानावर प्रखर दिवे लावायचं घाटतंय. उद्या सुनावणी. आजचा आकडा हाती नसला, तर आमचं ऐकणार कोण?

पूर्वी बाबा सोबत यायचे. मी बटण दाबलं की हमखास यंत्रावर वाकायचे. "किती आलं गं?" त्यांच्या डोक्यानं आभाळ झाकलं जायचं, मोजणी वाया. मी खेकसायचे, "बाबा, डोकं!" मोठ्या माणसांना कितीदा सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

ते गेल्यापासून आई येते आणि खाली स्कूटरपाशीच थांबते.

"लवकर आटप. त्यांच्यासारखी वर रमू नकोस."

वर वारा पडला होता. शहराच्या बाजूला आभाळ तांबूस, सुजल्यासारखं. मी बटण दाबलं.

तेवीस.

इथे एकोणीसच्या वर कधी जात नाही. भर समुद्रातही बावीसच. तेवीस म्हणजे यंत्रावर काहीतरी आडवं आलेलं. मी मान वर केली. तारे जागच्या जागी होते. यंत्रावरून हात फिरवला... काही नाही. पुन्हा दाबलं. तेवीसच. मग अगदी जवळून वास आला. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा.

या वेळी मी खेकसले नाही.

"बाबा... उद्या सुनावणी आहे. एकदाच... डोकं बाजूला घ्या ना."

बटण दाबलं. साडेअठरा. स्वच्छ, खरा आकडा.

खाली आईनं विचारलं, "मिळाला?"

"मिळाला."

"मग रडतेस कशाला?"

"डोळ्यात कचरा गेला."

"तुझ्या बाबांच्याही नेमका तिथेच जायचा," ती म्हणाली आणि तिनं स्कूटर सुरू केली.

घरी आल्यावर यंत्र ओट्यावर ठेवलं. डोक्यावर ट्यूबलाइट भगभगत होती. एवढ्या उजेडात आकडा दहाच्याही वर जायला नको. सहज बटण दाबलं.

तेवीस.

"बिघडलं वाटतं," आई म्हणाली.

"बाबा, डोकं," मी हळूच म्हणाले आणि पुन्हा दाबलं.

चोवीस.