तिसाव्या डब्याच्या पुढे

चहा घ्या आणि गप्प बसा, पोरांनो. ही गोष्ट माझी नाही, मरेची. मरे हॅस्लम, माझ्याबरोबर सरड्यांच्या अभ्यासाच्या अकरा मोहिमा केलेला माणूस. खोटं बोलायला अक्कल लागते, ती त्याच्यात नव्हती. हसू नकोस, टॅमसिन.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, बर्ड्सव्हिल गावाच्या पश्चिमेला तळ होता. ऑक्टोबरची सत्तावीस, रविवार, चंद्र नाही. तुम्ही आज पुरलेत तसेच तीस डबे वाळूत पुरलेले, आणि ओळीनं गुडघाभर उंचीची जाळी. सरडा जाळीला अडतो, कडेकडेनं चालत राहतो आणि डब्यात पडतो. पहाटे आम्ही तळ हलवणार होतो. पावणेअकराला मरे अंथरुणात उठून बसला. तिसाव्या डब्याचं झाकण लावायचं राहिलं होतं.

"झोप की गुमान," आमची स्वयंपाकीण बेव्ह म्हणाली. "एका डब्यानं काय होतंय?"

"आपण गेल्यावर त्यात पडतील ते उन्हात भाजून मरतील गं. माझ्या चुकीनं."

गेला एकटाच. विसाव्या डब्याशी टॉर्च बंद पडली. तरी तो घाबरला नाही. वाकून जाळीला हात लावून कडेकडेनं चालत राहिला, पायानं झाकणं चाचपून मोजत. अठ्ठावीस. एकोणतीस. तिसावा उघडा होता. त्यानं झाकण दाबून बसवलं आणि मागं फिरला.

हात जाळीवर. पण एकोणतिसावा येईना. शंभर पावलं झाली. दीडशे. जाळी होतीच... फक्त आता ती कमरेला लागत होती. मग छातीला.

"बेव्ह?" त्यानं हाक मारली.

तेव्हा त्याला कळलं, आपण कसे चालतोय ते. अडलेले. कडेकडेनं. मरेची पाचावर धारण बसली. पायाखालची वाळू सरकायला लागली... खाली. पुढं काहीतरी खोल होतं.

"क्लाइव्ह, मी रडलो रे," तो मला म्हणाला. "आईला हाका मारल्या." तो मटकन खाली बसला आणि उजाडेपर्यंत हललाच नाही.

सकाळी आम्ही शोधत गेलो. जाळी तिसाव्या डब्याशीच संपत होती. मरे तिच्यापुढं दोनशे पावलांवर, मोकळ्या वाळूत. खड्डा नाही, काही नाही. बेव्हनं आधी पाणी पाजलं, मग शिव्या घातल्या. मरेला पाय टेकवेना, म्हणून त्याच्या बुटांच्या नाड्या मी सोडल्या. मोजा काढला.

अंगठ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. मेलेल्या सरड्याच्या पायाला आपण बांधतो तशी. शाईनं लिहिलेलं. नर. वजन ब्याऐंशी किलो. तारीख त्याच रात्रीची.

पकडणाऱ्याचं नाव लिहितात ती जागा... रिकामी होती.