आलात का घरी

निळ्या दिव्यावर पिवळी पूड बसवली की पांढरा उजेड पडतो, हे जपानातल्या आमच्या आनान गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. अवघड पुढचं आहे. दिवा तापला की पूड दमते आणि उजेड गळतो. कुरामोतो सरांची युरोपियम घातलेली पूड मात्र दीडशे अंशांवरही दमत नसे.

सर वसंतात गेले. त्यांच्या वहीबरहुकूम मी तीनदा भट्टी लावली. तिन्ही वेळा दीडशेवर शंभरातला एकाहत्तरच उजेड उरला. नव्वद हवा होता. ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची, सुट्टी संपेपर्यंत जमलं नाही, तर कंपनी सरांची कृती उत्पादनाच्या यादीतून काढणार होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं होतं ते एवढंच.

वहीत एक गोष्ट नव्हती. भट्टी उघडताना सर पुडीला म्हणत, ‘आलास का घरी?’ आपण बाहेरून आलेल्या पोराला म्हणतो तसं. मी हसले की म्हणत, बोलायला काय पैसे पडतात?

तेरा ऑगस्टला पितर घरी येतात. त्या संध्याकाळी मी एकटीनं चौथी भट्टी उघडली. कोणी नाही असं बघून, सरांच्या आठवणीनं लाजत म्हटलं, “आलात का घरी?”

दीडशे अंशांवर आकडा आला शंभर. दोनदा मोजला.

मग निळा दिवा बंद केला. पूड उजळच राहिली. ही पूड दिवा गेला की त्याच क्षणी विझते. मी पडदे ओढले, यंत्राची वायर काढली. उजेड तसाच होता, आणि खोलीत सुदाची लिंबाचा वास होता. सर जेवणावर पिळायचे ते लिंबू.

फोन वाजला. सरांच्या घरून काकू होत्या.

“मिनोरी, ह्यांना वाट दिसावी म्हणून दारात आग पेटवून बसलेय गं. पहिलंच वर्ष त्यांचं. पण घर रिकामंच वाटतंय.” मग जरा हसल्या. “जन्मभर हेच. आधी प्रयोगशाळा, मग मी.”

पुडीला कोणी ‘आलात’ म्हणत नाही. माझ्या लक्षात आलं आणि रडू फुटलं. शंभराच्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले.

मग पुडीच्या बशीजवळ वाकले. “सर, तुम्हाला नव्हतं विचारलं. घरी जा. काकू वाट बघतायत.”

पूड विझली.

निळा दिवा लावून पुन्हा मोजलं. एकाहत्तर.

फोन चालूच होता.

“थांब हं,” काकू हळूच म्हणाल्या. “दारात कोणीतरी बूट काढतंय.”