अन्नपूर्णेची झील

कुरखेड्याजवळच्या त्या गावात कुणी वेंधळेपणा केला की अजून विचारतात, "रेडिओले हळद लावली का वो?" ती हळद अन्नपूर्णाबाईंनी लावली होती. नवरा गुणवंतराव दंडारीत, म्हणजे तिकडच्या गाण्या-नाचाच्या लोकनाट्यात गाणारे, गळ्यासाठी पंचक्रोशीत नावाजलेले. एकदा त्यांना थेट नागपूरच्या रेडिओवर गायला बोलावलं. त्या दिवशी सारं गाव बाईंच्या ओसरीवर जमलं. रेडिओची मागची फळी काढलेली होती आणि आत काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यांसारखे लाल झाले होते. निवेदकाने गुणवंतरावांचं नाव घेतलं, तशा बाई हरखल्या. नवऱ्याला ओवाळावं तसं त्यांनी रेडिओला ओवाळलं, वर हळदीच्या पाण्याचे शिंतोडेही उडवले. तापलेली काच टच्चकन तडकली आणि रेडिओ मुका झाला.

गुणवंतराव परतले ते हसतच. "पुन्हा बोलावतीन तवा आयकजो," म्हणाले. पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढे त्यांचा गळा बसला, आणि गावात मोबाईल यायच्या आधीच ते गेले. त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. बाईंचा जीव मात्र त्या एका न ऐकलेल्या गाण्यात अडकून राहिला. देवाकडे त्यांचं दुसरं मागणंच नव्हतं.

यंदा मोहफुलं वेचायच्या दिवसांत बाईंचा भाचा प्रफुल गडचांदूरहून आला. तो रेडिओ मेकॅनिक. कुठूनसा तसाच जुना व्हॉल्व्ह त्याने मिळवला होता. भर दुपारी त्याने तो बसवला.

"मावशी, रेडिओ लागन. पण ते गाणं हवेत थोडीच बसून राह्यलं हाये?"

"तू लाव तं."

व्हॉल्व्ह हळूहळू तापले. जळक्या धुळीचा वास सुटला. प्रफुलने काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, पण नुसती खरखर. तो विहिरीवर हात धुवायला गेला.

खरखर थांबली.

निवेदकाने गुणवंतरावांचं नाव घेतलं. मग कुणीतरी घसा खाकरला. गाण्याआधी ते असेच खाकरायचे. बाईंचे डोळे भरून आले.

"मोहाच्या झाडा, कोनाची वाट..."

इथे मागच्या झिलकऱ्यांनी पालुपद उचलायचं असतं, म्हणजे झील धरायची असते. कुणीच धरली नाही. गुणवंतरावांनी तीच ओळ पुन्हा घेतली आणि थांबले. दंडारीत बायका उभ्या राहत नसत, पण घरी सराव करताना झील बाईच धरायच्या.

रेडिओ वाट पाहत होता.

"तुयीच वाट, तुयीच वाट," बाई गायल्या.

पुढची ओळ लगेच आली, तरण्या गळ्याची, खुशीतली. बाईंनी पुन्हा झील धरली. पुन्हा. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गळा हलका हलका होत गेला.

प्रफुल ओल्या हातांनी दारात थबकला.

"मावशी, मावसाजीसंगं ते बाई कोन गाऊन राह्यली?"

"मीच," असं सांगायला बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

रेडिओतून झील वेळेवर आली.

"बोल ना वो मावशी! काऊन बोलत नाई?" प्रफुल बटणाकडे झेपावला.

बाईंनी त्याचा हात बाजूला सारला आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.