पलीकडची बाजू

वॉर्डातल्या मुली त्रिवेणीला तिच्या माघारी ‘हौवाली मॅडम’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नामपल्ली स्टेशनच्या अंगाला असलेल्या त्या खाजगी दवाखान्यात ती नर्सेसना शिकवायची. फळ्यावर कमी आणि पलंगाशी जास्त.

या शिकवण्याला कारण घडलं होतं. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला लागून असलेल्या पलंगावर जयवंताबाई नावाची म्हातारी होती. एका नर्सने घाईत पलंग पुढे ओढला, पण जोडीला कुणी येईपर्यंत थांबली नाही. एकटीनेच कुशीवर ढकललं आणि म्हातारी पलंग आणि भिंतीमधल्या फटीत पडली. त्यातून ती उठली नाही. डायरेक्टरांनी त्रिवेणीला बोलावून सांगितलं, पुन्हा असं होता कामा नये.

मग त्रिवेणीने कायदाच केला. पेशंटला वळवायचं तर दोघींनीच. एक अलीकडे, एक पलीकडे. अलीकडचीने विचारायचं, “रेडी?” पलीकडचीने म्हणायचं, “हौ.” तो शब्द ऐकल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. मुली तेलुगू, मल्याळी, मराठी, उर्दू बोलणाऱ्या. पण ‘हौ’ म्हणजे हो, हे हैदराबादेत कळत नाही असा माणूस सापडायचा नाही. तिने हे इतकं घोटून घेतलं, की जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एकीने “रेडी?” म्हटलं की दुसरीच्या तोंडून “हौ” निघून जाई आणि सगळ्या हसत सुटत.

त्रिवेणीच्या घरचाच तो शब्द. तिचे वडील नामदेवराव आयुष्यभर तिच्या प्रत्येक बोलण्याला “हौ, माय” म्हणत आले. फी भरायची आहे, बाबा. हौ, माय. नर्सिंगला जाते, बाबा. हौ, माय.

थंडी सरता सरता त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जामबागेतल्या घरातून त्यांना इथेच आणलं. पलंग रिकामा होता तो एकच, तिसऱ्या मजल्यावरचा, भिंतीजवळचा. त्रिवेणीने मनात चुकचुकलेली पाल झटकली आणि स्वतः चादर घातली.

आठवडा उलटला नाही तोच माकडहाडावर लाल चट्टा दिसला. “कातडी फाटू देऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “या वयात जखम आवरणार नाही.” म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची. तेव्हापासून त्रिवेणीचा जीव त्या तळहाताएवढ्या चट्ट्यात अडकून बसला. ती दिवसातून कितीदा तरी चादर उचलून पाही, आणि पाहिल्यावर पुन्हा पाहावंसं वाटे.

चट्टा मात्र उतरू लागला. आधी कडा फिकट झाल्या, मग मधला भाग. तिला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवसांत अर्ध्या मुली तापाने घरी होत्या, आणि दुपारच्या पाळीला तिसऱ्या मजल्यावर माधवी ही एकच नर्स असे. शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई त्रिवेणीला म्हणाल्या, “तुमच्या दोन्ही पोरी गुणी आहेत हो. ती दुसरी तर किती हलक्या हाताची.”

त्रिवेणीने माधवीला चादरींच्या खोलीत गाठलं.

“दुसरी कोण येते तुझ्या मदतीला?”

तारनाक्याची ही पोर एरवी बोलायला लागली की थांबायची नाही. आता ती चादरीच्या घड्या नीट करत राहिली.

“मॅडम, रागावू नका. मी एकटीच होते. पण आदतच पडलीय ना तुम्ही लावलेली, तोंडातून निघून गेलं, रेडी म्हणून.”

“मग?”

“भिंतीकडून आलं. हौ म्हणून. म्हातारा आवाज, दम लागल्यासारखा. मी कायकू वळून बघू मॅडम? उचललं, तर बाबा हलके लागले. दोघींनी उचलल्यासारखे.”

“पलंग ओढला होतास पुढे?”

माधवीने मान हलवली. नाही. पलंग भिंतीला चिकटलेलाच होता.

त्रिवेणी तिच्यावर डाफरली. एकटीने हात लावलासच कसा, नोकरी घालवायची आहे का, असलं काहीबाही कुणाला सांगायचं नाही. हे सगळं बोलताना तिच्या डोळ्यांपुढे तो फिका झालेला चट्टा होता. तिने पलंग बदलला असता, दुसऱ्या मजल्यावरून एखादी मुलगी मागून घेतली असती. तिने दोन्ही केलं नाही. आपण ते का करत नाही आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला आलेले लोक निघून गेल्यावर तिने बाबांच्या पलंगाभोवती पडदा ओढला. खिडकीतून स्टेशनवरची घोषणा येत होती, कुठलीशी गाडी उशिरा धावत होती. तिने एक हात बाबांच्या खांद्यावर ठेवला, एक कमरेवर.

“रेडी?”

घोषणा संपली.

“हौ.”

अगदी जवळून. थकलेला, बाईचा.

तिने पळून जायला हवं होतं. पण हातांना शिकवलेलं हात विसरत नाहीत. तिने उचललं, आणि बाबा अलगद तिच्याकडे वळले. पाठीशी उशी आपोआप नीट बसली. बाबांचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. मान होईल तेवढी मागे, भिंतीकडे वळवू पाहत होते.

चट्टा गेला. डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि कौतुकाने म्हणाले, “सिस्टर, हे तुमच्या ट्रेनिंगचं यश.” सोमवारी घरी न्यायचं ठरलं. बाबा फक्त एकदा बोलावेत, ते दोन शब्द एकदा कानावर पडावेत, त्यासाठी आपण काहीही देऊ, असं त्या रात्री जामबागेतल्या देवघरापुढे ती म्हणाली. मनातल्या मनात नाही, मोठ्याने.

रविवारी संध्याकाळी ती कोमट पाण्याचं भांडं घेऊन वॉर्डात आली. बाबांच्या पलंगाभोवती पडदा होता. माधवी कूस बदलत असेल, तिला वाटलं.

आतून आवाज आला, “रेडी?”

“हौ,” त्रिवेणी म्हणाली.

जीभ पुढे गेली, मन मागे राहिलं. आत पलंग करकरला.

मग तिला वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला माधवी दिसली. सलाईनची बाटली बदलत होती.

त्रिवेणीने पडदा सारला.

बाबा भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, चादरीला एक चुणी नाही. तिने शिकवलं होतं तस्संच. डावा हात पुढे जाऊन भिंतीवर टेकला होता, कुणीतरी हाताला धरून ओढून घ्यावं तसा.

श्वास नव्हता.

डॉक्टर येऊन गेले. विचारायचं ते विचारून झालं. त्रिवेणीचा भाऊ घरून निघाला होता. तोवर अंग पुसून घ्यायचं होतं, आणि त्रिवेणीने ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. माधवी रडत रडत तिच्या शेजारी, अलीकडेच उभी राहिली. पलंग ओढायचं कुणालाच सुचलं नाही.

माधवीने खांद्याखाली हात घातला. नाक ओढलं. सवयीनेच म्हणाली,

“रेडी?”

आणि म्हणताक्षणी तिने घाबरून त्रिवेणीकडे पाहिलं.

त्रिवेणीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

“हौ, माय,” भिंतीकडून आलं.