वरच्या चौकीचा निरोप

दरवर्षी त्या तारखेला औषधाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढायची आणि कार्यक्रमाच्या दोन तास आधी बाबांना स्मारकाच्या सभागृहात आणून बसवायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. बाबांना सगळे 'बिनतारीवाले' म्हणत. एकेचाळीस वर्षांपूर्वी बर्फातल्या वरच्या चौकीवर नऊ जण शेवटच्या गोळीपर्यंत लढले आणि गेले. खालच्या ठाण्यात बिनतारी संचाजवळ बसलेले बाबा तेवढे उरले. त्या नऊ जणांची गोष्ट दरवर्षी तेच सांगत.

यंदा त्यांचा तो जुना संच मंचावर मांडला होता. आतल्या बॅटऱ्या केव्हाच काढून टाकलेल्या.

"भाषणाचा कागद आणलात ना?"

"तोंडपाठ आहे गं. एकेचाळीस वर्षं तेच तर बोलतोय."

दरवान पंखे लावून बाहेर गेला. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. आत रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, फिनेलचा वास आणि पंख्यांची घरघर. माइकची उंची बसवता बसवता तिच्या ध्यानात आलं, त्या घरघरीखाली आणखी एक बारीक खरखर चालली आहे. तिनं माइक बंद केला. मग पंखेही बंद केले.

खरखर थांबली नाही. संचातूनच येत होती ती. फिनेलचा वास कुठल्या कुठे गेला होता. आता येत होता ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा.

"वरची चौकी बोलतेय..." आवाज कोवळा होता, दमलेला. "खालचं ठाणं, ऐकू येतंय का?"

"बाबा, कुणी टेप लावलीय का ही?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्या दिवशी पडसं झालं होतं त्याला," ते हळूच म्हणाले. "अजून नाकातच बोलतोय..."

"नवा हुकूम आहे का? की थांबायचं अजून?"

बाबा मटकन खुर्चीत बसले.

"हुकूम आला होता," ते म्हणाले. "मागे या म्हणून. दुपारीच. मी वर कळवला नाही."

"का?"

"ठाण्यावर तोफगोळे पडायला लागले. संच टाकून पळालो मी. घळीत लपून बसलो. परत आलो तेव्हा वरून कुणी बोलत नव्हतं."

"मग ते शेवटपर्यंत लढले ते..."

"थांबा म्हणून सांगितलं होतं. थांबले."

संच खरखरत राहिला.

"सांगा त्यांना," ती शेवटी म्हणाली.

बाबांनी रिसीव्हर उचलला. "वरची चौकी... मागे या. सगळे मागे या."

संच खरखरला. मग, "समजलं. निघतो. दोन तासांत तुमच्यापाशी पोचतो... जागा सोडू नका."

"घरी चला, बाबा. आत्ताच्या आत्ता."

"नको. पुन्हा नाही पळायचं मला."

पाच वाजता सभागृह गच्च भरलं. ती मागच्या दाराजवळ बसली. बाबा माइकपाशी उभे राहिले आणि तोंडपाठ भाषण बाजूला ठेवून जे घडलं ते सगळं सांगू लागले. हुकुमाचं, घळीचं, सगळं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी, त्या नऊ जणांपैकी एकाची बायको, उठली आणि पुन्हा खाली बसली.

तेवढ्यात दरवान तिच्या कानाशी वाकला.

"ताई, बाहेर काही माणसं आली होती. आत बसा म्हटलं, तर म्हणाली, बसायचं नाही, एकाला न्यायला आलोय."

"मग?"

"मग काय, गेली. तुमचे बाबाही गेले त्यांच्याबरोबर. जाता जाता मला म्हणाले, तिला सांगा, वाट बघू नकोस..."

तिनं मंचाकडे पाहिलं. बाबा बोलत होते. सगळं सभागृह ऐकत होतं.