पाणी अकराव्या खुणेवर

होडीच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या रंगाने सेंटिमीटरच्या खुणा आखलेल्या होत्या, आणि पाणी अकराव्या खुणेच्या किंचित वर टेकलं होतं. ते नवव्या खुणेवर असायला हवं होतं.

बाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. वारा पडलेला, तळ्याचं पाणी ताटातल्यासारखं स्थिर. वाचण्यात चूक होण्याजोगं काही नव्हतं. खुणा त्यांनीच आखल्या होत्या, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, वाळूच्या पिशव्या एकेक करून होडीत ठेवत. रिकामी होडी शून्यावर. मग दर तीस किलोंना एक सेंटिमीटर. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंचा या आकड्यावर स्वतःच्या नावाइतका विश्वास होता.

मासेमारीला निघण्याआधी सगळ्यांनी काट्यावर उभं राहायचं, सामानासकट बेरीज करायची आणि होडीत बसल्यावर खूण ताडून पाहायची, ही या घरातली पद्धत. आज बेरीज दोनशे सत्तर आली होती.

"आजी, किती?" मागच्या फळीवरून नातवाने विचारलं.

"नऊ," बाई म्हणाल्या.

"बरोब्बर! म्हणजे बाबांनी हाणलेली चार अंडीसुद्धा धरून."

"वल्ही मारणाऱ्याला खावं लागतं," जावई म्हणाला. "तुझ्यासारखं नुसतं खोगीरभरती म्हणून नाही आलो मी."

सगळे हसले. बाईही हसल्या. खूण वाचायचा मान त्यांचा, त्यामुळे दुसरं कुणी वाकून पाहायचं नाही. अठ्ठावीस वर्षं त्या खोटा आकडा सांगत आल्या होत्या.

पहिल्यांदा फरक आला तेव्हा तो सेंटिमीटरहून थोडा कमी होता. बाईंना वाटलं, लाकूड पाणी प्यायलं असेल. त्यांनी होडी महिनाभर उन्हात पालथी ठेवली. सुतार बोलावला. त्याने फळीन् फळी ठोकून पाहिली आणि म्हणाला, "लाकूड खणखणीत आहे, बाई. तुमच्या पाण्यातच खोट असेल." रिकामी होडी शून्यावरच तरंगायची. घरची माणसं बसली की तेवढी जास्त बुडायची.

पुढच्या वर्षी फरक जरासा वाढला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर आलेख काढायला घेतला. एकदा शाळेच्या आरोग्य तपासणीच्या खोलीत मुलग्यांच्या वयाप्रमाणे वजनाचा तक्ता टांगलेला होता. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या ते तास संपल्याची घंटा होईपर्यंत. तीच रेघ होती. नऊ वर्षं, दहा, अकरा. घरी येऊन त्यांनी ती पानं फाडून टाकली.

अलीकडे बरीच वर्षं फरक सव्वादोनवर थांबला होता. वाढ पुरी झालेल्या माणसाचं थांबतं, तसा.

त्यांच्या धाकट्या मुलाला घरात भुंगा म्हणत. सदान्‌कदा काहीतरी गुणगुणायचा. एकतीस वर्षांपूर्वी, याच तळ्यात, याच होडीतून पडून गेला, तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्या तरंगायच्या जाकिटाच्या तीन क्लिपा लावायचं काम त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीकडे होतं. तिने त्या लावल्या होत्या. बाईंनी पाहिलं होतं. पण जाकीट नवं होतं, गळ्याला घासत होतं, आणि भुंगा किरकिर करत होता. बाईंच्या हातातला गळ तेवढ्यात ताणला गेला होता. "काढ बाबा एकदाचं, पण गप्प बस," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने टक, टक, टक तिन्ही क्लिपा सोडल्या आणि जाकीट पाठीमागे उशीसारखं खुपसलं. मासा मोठा होता. तो पाहायला यजमान उठून उभे राहिले आणि होडी कलली.

काठावर यजमानांनी पोरीला विचारलं, "क्लिपा तू लावल्या होत्यास ना?"

बाईंनी तोंड उघडलं होतं. खरं सांगायलाच उघडलं होतं. पण पोर आधी बोलली. "विसरले असेन मी."

आणि बाईंनी तोंड मिटलं. खापर नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर फुटलं आणि तिने ते मुकाट्याने फुटू दिलं. पाण्याची भीती मनात बसायला नको म्हणून यजमानांनी तिसऱ्या वर्षापासून पुन्हा होडी काढली. ते गेले तेही बायकोला निर्दोष समजूनच. दर वर्षी बाई लेकीला सांगायचं ठरवून घरून निघायच्या, आणि दर वर्षी तो निर्णय ओल्या जाळ्याबरोबर तसाच घरी परत यायचा.

लेक आता चाळिशीची झाली होती. गॅस बंद केलाय का हे ती चारदा उठून बघे. गाडी चालवणं तिने सोडलं होतं. आज सकाळी काठावर तिने आपल्या सहा वर्षांच्या धाकटीला, मुंगीला, बाईंपुढे उभं केलं. "आई, हिच्या क्लिपा तू लाव. माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तूच लाव," एवढंच त्या म्हणाल्या. लेकीने लावल्या, ओढून पाहिल्या, मोठ्याने मोजल्या. एक, दोन, तीन.

तळ्याच्या मध्यावर जावयाने वल्ही थांबवली. "आज पुढून जड जातेय," तो म्हणाला.

पुढच्या टोकाला फक्त मुंगी होती. तिच्या समोरच्या फळीवर लेक आणि बाई. मुंगी दोन्ही हातांनी गळ धरून फळीच्या अगदी कडेला अंग चोरून बसली होती.

"मुंगे, मध्ये सरक की," लेक म्हणाली.

"जागा कुठाय?"

"अख्खी फळी तुझीच आहे, महाराणी," जावई म्हणाला. मुंगीने त्याच्याकडे पाहिलं, मोठी माणसं उगाच थट्टा करतात तेव्हा मुलं पाहतात तसं, आणि पुन्हा पाण्याकडे नजर लावली.

ऊन पाठीवर चढत होतं. कुठूनतरी गुणगुण ऐकू येऊ लागली. बारीक, एका सुरातली.

"बाबा, गप्प बसा ना, मासे पळतील," नातू म्हणाला.

"मी कुठे? मला वाटलं तूच."

सूर थांबला नाही. पुरुषाचा होता. भरदार, पण चाल लहान मुलाची.

बाईंनी फळीची कड घट्ट धरली.

टक.

मुंगीच्या जाकिटाची वरची क्लिप सुटून लोंबत होती. लेक पांढरी पडली. पुढे झुकून तिने ती पुन्हा लावली, ओढून पाहिली.

"मी लावली होती. सकाळी... लावली होती ना?"

"लावली होतीस गं," जावई म्हणाला. "सैल बसली असेल."

टक.

या वेळी मधली. लेकीच्या बोटांना ती लागेना.

"मुंगे, हात लावू नकोस त्याला!"

"मी नाही लावत," मुंगी म्हणाली. तिचे दोन्ही हात गळावर होते.

पुढचं टोक अजून थोडं खाली गेलं.

"विसरले असेन मी," लेक म्हणाली. तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा होता. "नीट लावायची विसरले असेन."

बाई खालच्या क्लिपेकडे पाहत होत्या. भर उन्हात, हातभर अंतरावर. क्लिपेचे दोन्ही कान आत दबले, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरल्यासारखे. घाई नव्हती. गळ्याला घासतंय म्हणून आई लेकराची क्लिप सोडवते, तितक्याच हलक्या हाताने.

टक.

"तू तिन्ही लावल्या होत्यास," बाई म्हणाल्या. "आजही, आणि तेव्हाही. भुंग्याचं जाकीट मी काढलं."